देव पिसायचे का?

सावंतवाडीच्या चितार आळीत शिरलं की आधी दिसतात ती फळं. आंबे, केळ्यांचा फणा, सीताफळ, वांगी, हिरव्या मिरच्या, मधोमध चिरलेला फणस, आणि सगळं लाकडाचं. बेळगावहून सकाळच्या एसटीने आंबोलीचा घाट उतरून आम्ही दोघी, मी आणि माझ्या वन्सं, मोती तलावाच्या काठाने चालत तिथे पोचलो तेव्हा दुकानं नुकती उघडत होती आणि एक म्हातारे दुकानदार फडक्याने एकेक फळ पुसून टोपलीत रचत होते. वन्संना सत्यनारायणासाठी चौरंग हवा होता. चौरंग बेळगावातही मिळतो. पण त्यांच्या माहेरचं, म्हणजे माझ्या सासरचं, मूळ घर बांद्याकडचं. चौरंग वाडीचाच, हे त्यांच्या आईपासून ठरलेलं.

चितार आळीत एकाच दुकानात, कधी एकाच फळीवर, देव्हारा आणि पांगुळगाडा शेजारी शेजारी असतात. भातुकलीचं जातं, उखळ, पोळपाट आणि त्याला लागून पूजेचा पाट. हात तोच, लाकूड तेच, रंगही तेच लाल, पिवळे, हिरवे. पूर्वी खेळण्यांना पांगाऱ्याचं लाकूड वापरत, कारण ते हलकं असतं आणि हत्याराखाली सहज येतं; आता आंब्याचंही वापरतात. त्याच लाकडातून मुलाच्या हातात जायचं ते खेळणं होतं आणि देवाखाली जायचं ते आसन होतं. पाटावर बसून जेवायचं आणि त्याच घाटाच्या दुसऱ्या पाटावर देव बसवायचा, यात आपल्याला काही वावगं वाटत नाही.

वन्संनी गौरीच्या आराशीसाठी फळं निवडायला घेतली. मी विचारलं, "वन्सं, नैवेद्याच्या ताटाशेजारी ही ठेवली तर?" त्या म्हणाल्या, "आराशीत ठेव. नैवेद्यात नको. नैवेद्य आपण नंतर खायचा असतो." मला हे उत्तर फार आवडलं. देवाला दिलेलं परत माणसाच्या तोंडी आलं पाहिजे, तरच तो नैवेद्य. जे नुसतं बघायचं, ती आरास. इकडे गणपतीवर माटवी बांधतात, तीत रानातली खरी फळं टांगतात. तिथे लाकडी फळ कोणी टांगणार नाही. लाकडी फळ खोटं आहे म्हणून नव्हे, तर त्याला देण्याघेण्याच्या फेऱ्यात जागा नाही म्हणून. वन्संचा हा भेद पुढे दिवसभर माझ्या मनात राहिला आणि शेवटी मी त्यांच्याशी वाद घातला तोही त्याच भेदाच्या जोरावर.

तो वाद राजवाड्यात सुरू झाला.

राजवाडा तलावासमोर आहे, लाल जांभ्या दगडाचा. तलाव १८७४ मधला, वाडा त्याहून जुना, तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला. त्यांची कारकीर्द १७५५ ते १८०३. धर्मशास्त्राची आवड असलेला हा राजा. त्यांच्या दरबारी चर्चेसाठी तेलंगणातून पंडित आले, त्यांच्याकडून दशावतारी गंजिफाचा खेळ कळला आणि मग इथल्या चिताऱ्यांनी तो रंगवायला घेतला, असं सांगतात. धर्मचर्चेला आलेल्या विद्वानांनी मागे पत्त्यांचा खेळ ठेवून जावं, ही गोष्ट मला दंतकथा असली तरी खरी वाटते. दिवसभर प्रमाणं आणि पूर्वपक्ष झाल्यावर संध्याकाळी ते पंडित करणार तरी काय?

दरबार हॉलच्या एका अंगाला कलाकार बसतात. गोल कागदी चकतीवर बारीक कुंचल्याने काम चालू असतं. पान तयार करायची रीत जुनीच: कागदाचे थर चिकटवायचे, चिंचोक्याची खळ लावायची, घोटून गुळगुळीत करायचं, रंगवायचं आणि वरून लाखेचा हात द्यायचा. पाठ एकरंगी ठेवतात, कुठेही खूण नाही, नाहीतर उलटं पान ओळखता येईल. नक्षीदार किनारीची ती दरबारी, बिनकिनारीची साधी ती बाजारी. हे काम जवळजवळ संपलं होतं. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ते शिकून घेतलं, तरुण मुलांना बसवलं, आणि राणीसाहेब स्वतः हातात कुंचला घेऊन बसल्या. त्या २०१८ मध्ये गेल्या. अलीकडे इथल्या गंजिफाला आणि लाकडी कामाला भौगोलिक मानांकन मिळालं. मला या दांपत्याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. त्यांनी हे केलं नसतं तर आज हा प्रश्न विचारायलाही काही उरलं नसतं.

विक्रीच्या टेबलावरच्या उघड्या डबीतून वन्संनी एक पान उचललं. माशाच्या तोंडातून वर आलेले चतुर्भुज विष्णू. त्यांनी पान कपाळाला लावलं. मग मी सांगितलं की हे खेळायचे पत्ते आहेत. त्यांनी ते तसंच, दोन्ही हातांनी, परत ठेवलं.

"म्हणजे हे पिसायचे?"

"हो."

"देव पिसायचे?"

टेबलामागची मुलगी समजुतीने म्हणाली, "आज्जी, बहुतेक लोक फ्रेम करून लावतात." वन्संचा चेहरा एकदम मोकळा झाला. भिंतीवर चालतील. हातात नकोत.

मी अनेक वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. मूर्ती म्हणजे काय, चित्र म्हणजे काय, हे मुलींना समजावताना मी नेहमी प्राणप्रतिष्ठेपासून सुरुवात करत असे. कुंभाराकडून आणलेला गणपती प्रतिष्ठेपर्यंत माती असतो. मग देव होतो. उत्तरपूजेनंतर पुन्हा माती. देवाने यायचं कधी आणि जायचं कधी, याची वेळ आपल्या परंपरेने इतकी नेमकी बांधून दिली आहे की त्या हिशेबाने गंजिफाचं पान हे नुसतं रंगवलेलं कागदाचं चकतं. राजवाड्याच्या पायऱ्या उतरताना हा युक्तिवाद मी वन्संपुढे मांडला. पण मांडता मांडताच मला तो पुरेसा वाटेना. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितलेत. त्यांत दगड, लाकूड, धातू यांच्याबरोबर रेखाटलेली प्रतिमाही आहे आणि नुसती मनात कल्पिलेलीही आहे. मनातल्या प्रतिमेची प्रतिष्ठा कोणता भटजी करणार? वन्संनी पान कपाळाला लावलं त्या क्षणी त्यांच्यापुरतं ते कागद राहिलं नव्हतं. त्यांचा संकोच भाबडा नव्हता, शास्त्राला धरूनच होता. तेव्हा "हे फक्त चित्र आहे, खेळा" असं म्हणून सुटका नाही. हे देवच आहेत असं मानलं, तर त्यांच्याशी खेळावं का, हा खरा प्रश्न.

आपल्या परंपरेला जुगाराची भीती फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात फाशांनी घर बुडवलेल्या माणसाचा विलाप आहे. बायको दुरावली, सासू तोंड बघेना, तरी फासे खुळखुळले की पाय तिकडेच वळतात. धर्मराजाचं पुढे काय झालं ते सांगायला नको. आणि तरीही गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती मोजताना श्रीकृष्ण फसवणाऱ्यांमधलं द्यूत स्वतःला म्हणवून घेतात. वेरूळला २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत शंकर-पार्वती सारीपाट खेळतायत, दगडात, शेकडो वर्षं, आणि त्यांच्यापुढे माणसं हात जोडतायत. पुराणांत तर शंकर पार्वतीपाशी अंगावरचं सगळं हरतो. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा हेही नाव आहे. देवांनी आपसांत खेळावं हे आपण मानलेलं आहे. दशावतारी नाटकात तर देव रात्रभर आपल्यासमोर रंगमंचावर येतो, संकासुर त्याच्यासमोर थट्टा करतो, आणि पहाटे दहीकाल्याला तेच प्रेक्षक भाविक होऊन उभे राहतात. कार्तिकापासून या भागात गावोगाव हेच चालतं. वन्सं लहानपणी बांद्याकडच्या जत्रांत मांडीवर झोपून हे बघत आल्या आहेत, आणि तिथे त्यांना कधी काही खटकलं नाही.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात एक आक्षेप येतो. ज्याला काहीच मिळवायचं उरलेलं नाही असा परमेश्वर जग कशाला निर्माण करील? उत्तर असं की ही लीला आहे. शंकराचार्य यावर दोन दाखले देतात. एक श्वासाचा, श्वास कशासाठी घेता असं कोणी विचारत नाही. दुसरा असा, की सगळ्या इच्छा पुऱ्या झालेला राजा किंवा त्याचा अमात्य काही हेतू न ठेवता क्रीडेत रमतो. राजा किंवा अमात्य! दशावतारी गंजिफाच्या प्रत्येक रंगात दोनच चित्रांची पानं असतात, राजा आणि प्रधान. राजा म्हणजे तो अवतार. बाकीची एक ते दहा, त्यांवर त्या अवताराची खूण: मासा, कासव, परशू. दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी १२० पानं. मला भाष्यातली ती ओळ तलावाकाठच्या बाकावर आठवली आणि बरोबर पुस्तक नसल्याची हळहळ वाटली. आचार्यांच्या डोळ्यांपुढे हे पत्ते असणं शक्यच नाही. गंजिफा इराणी वळणाचा खेळ, बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे तो पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि आचार्य त्याच्या कितीतरी आधीचे. मुघल गंजिफात आठ रंग असत, ताज, तलवार, गुलाम असे, म्हणजे एका दरबाराचा कारभार. दक्षिणेकडच्या कोणा कल्पक माणसाने त्या दरबारी खात्यांच्या जागी अवतार बसवले. त्याने देवांना पत्त्यांवर उतरवलं असं म्हणता येईल. मला वाटतं त्याने पत्त्यांतला दरबार बरखास्त केला.

तर लीलेच्या सूत्राने एवढं स्पष्ट होतं: दोष खेळण्यात नाही, पणात आहे. काही मिळवण्यासाठी खेळलो की ती देवाची क्रीडा राहत नाही, आपला व्यवहार होतो. हे वन्संनी चटकन मान्य केलं. पैसे लावायचे नाहीत, हे ठरलं. पण त्यांचा खरा आक्षेप निराळाच होता आणि तो त्यांनी जेवताना, सोलकढीचा पेला खाली ठेवत, सांगितला. "आमचे सोहिरोबा काय सांगून गेले?"

बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये, जन्म १७१४. कुलकर्णीपण करत होते. सावंतवाडीहून राजाचं बोलावणं आलं म्हणून घाईने निघाले, वाटेत रानात फणस खायला बसले, तिथे गहिनीनाथ समोर येऊन काही मागू लागले, आणि त्या फणसाच्या गऱ्यांवर त्यांना अनुग्रह झाला, अशी आख्यायिका आहे. मग कुठलं कुलकर्णीपण आणि कुठला दरबार. हरिभजनाशिवाय वेळ दवडू नये, हा त्यांचा सांगावा या भागात म्हाताऱ्या बायकांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे. वन्सं तर तो रोज संध्याकाळी गातात. पत्ते म्हणजे वेळ दवडणं. त्यावर देव रंगवले म्हणून वेळ सार्थकी लागला असं समजणं, ही वन्संच्या मते स्वतःची फसवणूक. गंजिफा खेळताना अवतारांची नावं तोंडी येतात म्हणून नामस्मरणाचं पुण्य लागतं, असं पूर्वीचे लोक म्हणत. वन्सं म्हणाल्या, "हे दारूच्या बाटलीवर तुळशीपत्र ठेवल्यासारखं झालं."

या आक्षेपाला तिथल्या तिथे उत्तर देणं मला जमलं नाही, आणि चार सुभाषितं फेकून वेळ मारून न्यावी असंही वाटेना. एकाच शतकात, एकाच मुलखात, एका बाजूने वाड्यात देवांचे डाव रंगत होते आणि दुसऱ्या बाजूने एक माणूस फणसाच्या झाडाखालून कायमचा वाड्याकडे पाठ फिरवून निघाला होता. सोहिरोबांचा रस्ता मोठा, यात मला शंका नाही. तुकोबांनीही फुगडी, टिपरी, विटीदांडू अशा खेळांवर अभंग केले, पण ते खेळाचं रूपक करून त्यातून माणसाला बाहेर काढण्यासाठी. प्रत्यक्ष बसून खेळा, असं कुठल्याही संताने सांगितलेलं मला माहीत नाही.

आम्ही बाजारी घाटाचा एक संच घेतला. दरबारी संच हजारांच्या घरात जातो आणि तो खरोखर भिंतीसाठीच केल्यासारखा देखणा असतो. त्यावर बोटांचे डाग पाडायला मलाही धीर झाला नसता. पैसे मी दिले. वन्संनी पिशवी घेतली, चौरंगाच्या वर ठेवली, चपलांची पिशवी खालून काढून दुसरीकडे केली.

नियम मी परतीच्या एसटीत वाचले, आणि दाणोली मागे पडून घाट सुरू व्हायच्या आत मला उत्तर सापडल्यासारखं वाटलं.

या खेळात हुकूम नाही. आपण मेंढीकोट खेळतो, पाच-तीन-दोन खेळतो; तिथे एक रंग हुकूम ठरला की त्याचं हलक्यातलं हलकं पान दुसऱ्या रंगाच्या राजाला मारतं. दशावतारी गंजिफात तसं होत नाही. राम कृष्णाला मारू शकत नाही. नरसिंह वराहाला मारू शकत नाही. ज्या रंगाची उतारी झाली त्याच रंगाचं वरचढ पान हात नेतं. दुसऱ्या रंगाचं पान टाकलं तर ते केवढंही मोठं असो, ते नुसतं जातं. अवतार अवताराला जिंकत नाही. मग पहिली उतारी कोणाची? खेळायला बसण्याच्या वेळेवर ते ठरतं. दिवसा बसलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करतो, रात्री बसलात तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. माध्यान्हीला जन्मलेला तो एक, मध्यरात्री जन्मलेला तो दुसरा. कोण श्रेष्ठ हा प्रश्नच नाही. आत्ता कोणाची वेळ आहे, एवढंच. आणि आणखी एक: पाच रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी, एक्का सगळ्यांत लहान, उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. पान तेवढ्याच खुणांचं, पण कोणाच्या घरात आहे त्यावर त्याचा मान ठरतो.

कोणत्या देवाची भक्ती वरची, यावर या देशात केवढे वाद झाले, किती मठ फुटले, किती घरांत सोयरिकी मोडल्या. गंध आडवं की उभं यावरून पंगती वेगळ्या बसल्या. आणि कोणी एक अनाम माणूस, पंडित असेल किंवा चितारी असेल, तो वाद न घालता एक खेळ रचून ठेवतो, ज्यात दहा अवतार एकत्र नांदतात आणि एकही दुसऱ्याला मारू शकत नाही. तिघं जण मांडी घालून बसले, चाळीस चाळीस पानं हातात आली, आणि दोन डाव झाले की ही गोष्ट प्रवचनाशिवाय बोटांना कळते.

फ्रेममध्ये ती कळत नाही. भिंतीवर दहा राजे ओळीने लावले की रूपं दिसतात: कोणाच्या हातात परशू, कोणाच्या हातात धनुष्य. त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे दिसत नाही. ते नियमांत आहे, आणि नियम हातात पानं घेतल्याशिवाय जिवंत होत नाहीत. वन्संनी सकाळी लाकडी फळांबद्दल जे सांगितलं तेच मी त्यांना परत सांगितलं: नुसतं बघायचं ती आरास. गंजिफा भिंतीवर लावणं ही देवाची आरास झाली. दिलं-घेतलं, हातून हाती गेलं, परत आलं, तर त्यात प्रसादाचा काही अंश येतो. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पान आपटायचं नाही. ठेवायचं."

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहेत आणि ते सगळे वन्संचे आहेत. हात धुऊन बसायचं. पानं जमिनीवर नाही, चटईवरही नाही, तर चौरंगावर. (सत्यनारायण झाल्यावर चौरंगाला हे काम लागलं.) बसलेल्या माणसाचा पाय पानांकडे नको. पिसताना पानं वाकवायची नाहीत. चौरंगावर पसरून दोन्ही तळव्यांनी फिरवायची. हे पाहिल्यावर मला वाटलं, वन्सं विरोध करता करता या खेळाला पूजेच्या जवळ घेऊन आल्या. माझ्या सगळ्या भाष्यांनी जे साधलं नसतं ते त्यांच्या सोवळ्याने साधलं.

सोहिरोबांच्या आक्षेपाचं काय? मला एवढंच म्हणता येईल की हा खेळ वेळ घालवू देत नाही. कोणत्या रंगाची किती पानं गेली हे सतत ध्यानात ठेवावं लागतं, कारण वरची पानं निघून गेली की हातातलं क्षुल्लक पान मोठं होतं. मत्स्याचा प्रधान गेला का? वामनाची किती उरली? क्षणभर मन भरकटलं की डाव गेला. माळ ओढताना माझं मन बाजारहाट करून येतं. इथे येत नाही. याला स्मरण म्हणावं का, हे मी ठरवणार नाही. पण जे मन कुठेच थांबत नाही ते इथे दहा नावांपाशी तासभर थांबतं, हे मी पाहिलं आहे.

एक गोष्ट मात्र नियम वाचताना माझ्या लक्षात आली नव्हती. तिसरा गडी म्हणून माझ्या शाळेतल्या जुन्या सहकारी येऊ लागल्या. त्या बौद्ध आहेत. पहिल्याच दिवशी हात लावताना त्यांच्यासमोर नववा रंग आला. आमच्या संचात नववा राजा बुद्ध आहे. त्यांनी ते पान बाजूला ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हे मी खेळणार नाही." १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पाचवी हीच आहे: बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही. वन्संनी सोय काढली, "त्याला आपण विठोबा म्हणू. आपल्याकडे पंचांगात नववा विठोबाच काढतात." ते खरंही आहे, महाराष्ट्रात जुन्या चित्रांतून नवव्या जागी पांडुरंग दिसतो. पण बाई म्हणाल्या, "तुम्ही काहीही म्हणा, चित्र त्यांचंच आहे."

एसटीत मला जी समता दिसली होती तिची मर्यादा इथे होती, आणि ती मला सांगायलाच हवी. दहा जणांना एका पंगतीत समान मानाने बसवणं ही उदारता खरी. पण एखाद्याला त्या पंगतीत बसायचंच नसेल, तर त्याला न विचारता त्याचं पान मांडणं ही उदारता नव्हे. हुकूम नसलेल्या खेळातही एक हुकूम असू शकतो, पानं कोणी रंगवली याचा. मी बाईंशी वाद घातला नाही. कशाच्या जोरावर घालणार? बुद्ध कोणाचा, हे सांगण्याचा हक्क त्यांचा माझ्याहून मोठा आहे.

आम्ही नवव्या रंगाची बाराही पानं काढून डबीत ठेवली. मग वन्संनी, त्या हिशेबाच्या पक्क्या, उरलेली मनात मोजली आणि म्हणाल्या, "एकशे आठ." माळेचे मणी तितके. तिघींना बरोबर छत्तीस छत्तीस येतात, एकही पान उरत नाही. आता आम्ही अशाच खेळतो. पाच रंगांत एक मोठा आणि पाचांत दहा मोठा, हा तोल यात बिघडतो, आणि कोणी जाणकार हा खेळच नव्हे म्हणेल. म्हणू दे. आमच्या तिघींना ज्यावर एकत्र बसता येतं असा हा एकच खेळ आहे. सावंतवाडीच्या दुकानांतून, वाड्यातून, कोणी पर्यटकांना संध्याकाळी तासभर बसवून हा खेळ शिकवायला लागलं तर त्यांच्यातही असे प्रश्न निघतील, भांडणंही होतील, आणि ती व्हायला हवीत. जो संच नुसता विकला जातो त्याच्यावर कोणी भांडत नाही. आणि चिताऱ्याचाही त्यात फायदा आहे: भिंतीवरचा संच आयुष्यात एकदा घेतला जातो, हातातला झिजतो.

वन्सं एकादशीला मात्र पानांना हात लावत नाहीत. त्या दिवशी फक्त भजन, सोहिरोबांचं. मला ते पटत नाही. जे इतर दिवशी देवाजवळ नेतं ते एकादशीला दूर कसं नेईल, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या की रोज जे करतो ते एक दिवस सोडता आलं पाहिजे, नाहीतर ते आपल्याला खेळवतंय. बाई म्हणाल्या, वन्संचं बरोबर आहे. दोघी एका बाजूला झाल्या, तरी मी अजून माझं म्हणणं सोडलेलं नाही.